मोरेश्वर पोस्टमनच्या डोक्यातली जुनी गाठ

मी एक जुनी गाठ आहे. गाठ म्हटल्याबरोबर तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. डॉक्टरांनी कापून काढावी तसली मी नव्हे. मी तुमच्याही डोक्यात आहे, आणि तुमच्या जन्माच्या आधीपासून आहे. सौंसरचे मोरेश्वर पोस्टमन यांच्या मेंदूच्या पार तळाशी, डाव्या अंगाला, मी गेली छप्पन वर्षं बसून आहे. उजव्या अंगाला माझी जुळी बहीण बसते. शहाण्या माणसांच्या पुस्तकात आमचं नाव बेसल गँग्लिया असं छापलेलं असतं. नाव एवढं मोठं आणि ओळख कोणाची नाही! जाऊ द्या, मला त्याची सवय आहे.

एक गाठ म्हणते खरी, पण मी म्हणजे एक लहानसं घरच आहे. त्यात एक आहे शेपटीवाली. तिचं डोकं मोठं, शेपूट बारीक, आणि ती कमानीसारखी वाकून बसलेली. तिच्या शेजारी टरफल. वरच्या मजल्यावरून येणारे सगळे निरोप आधी या दोघींकडे येतात. त्यांच्या आत फिकट गोळा आहे. तो माझा फाटकावरचा शिपाई. त्याच्याजवळ मसुराच्या दाण्याएवढी एक धाकटी आहे. तिचं एकच काम, शिपायाला सारखं बजावत राहायचं, "धरून ठेव रे, सोडू नको." आणि आम्हा सगळ्यांच्या खाली, मेंदूच्या देठात, काळी राहते. ती खरोखरच रंगाने काळी आहे. ती एक माल बनवते आणि बारीक धाग्यांवरून तो वर आमच्याकडे पाठवते. त्या मालाचं नाव डोपामीन. या काळीबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे.

आता माझं काम ऐका. मी कोणाला हुकूम देत नाही. हुकूम देणारे सगळे वरच्या मजल्यावर बसतात, आणि ते एकदम दहा हुकूम देतात. उठ, बस, नाक खाजव, खिडकीतून बघ, शेजारच्याला चिमटा काढ. हे सगळं एकदम सुटलं तर माणसाचं माकड होईल. म्हणून माझा शिपाई सगळ्यांना धरून ठेवतो. मग काळीचा माल येतो. तो माझ्या एका बाजूला म्हणतो, "चल, सोड," आणि दुसऱ्या बाजूला म्हणतो, "तू गप." तेव्हा शिपाई हात ढिला करतो, तेही दहातल्या एकाच हुकमासाठी. तो हुकूम थॅलॅमस नावाच्या दरवाजातून परत वर जातो आणि तिथून हातापायाला. तुम्ही आत्ता शांत बसून हे वाचून राहिले ना, ती माझीच कृपा आहे. पण मला आजवर कोणी शाबास म्हटलेलं नाही.

माझं आणखी एक काम आहे. माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लागला की मी ती बांधून ठेवते. मग त्याला विचार करावा लागत नाही. मोरेश्वर चौदा वर्षांचा असताना भाड्याची सायकल घेऊन रामाकोन्याच्या वाटेवर शिकायला गेला. पहिल्या दिवशी सात वेळा पडला. घरी आला तेव्हा त्याच्या आईने गुडघ्यावर हळद लावली आणि पाठीत एक धपाटा घातला. पण आतल्या आत मी कामाला लागले होते. तोल कसा धरायचा, पायडल कधी दाबायचं, कुठे वळायचं, सगळं जोडून जोडून ठेवलं. महिन्याभराने तो दोन्ही हात सोडून सायकल चालवू लागला. लोक म्हणाले, पोरगा हुशार आहे. पोरगा कायचा हुशार? मी हुशार.

पुढे तो टपालखात्यात लागला. सकाळी चिठ्ठ्यांवर शिक्के मारायचे, गावांप्रमाणे त्या लावायच्या आणि थैली अडकवून सायकलवर निघायचं. बोरगावपर्यंतच्या वाटेतला प्रत्येक खड्डा माझ्या ओळखीचा झाला. पण मोरेश्वर खरा ओळखला जायचा त्याच्या हसण्याने. चांगली बातमी असली की तो फाटकाबाहेरूनच हसायचा. बाया अंगणातून ओरडायच्या, "मोरेश्वरभाऊ हासून राहिले वो, पोराचं पत्र आलं वाटते!" वाईट तार असली की तो आधी सायकल भिंतीला टेकवायचा आणि खाली बघायचा. चिठ्ठी फोडायच्या आधीच लोकांना कळायचं. ते हसू मी सोडायचे, मित्रांनो. माणूस ठरवून हसतो ते वेगळं. आपोआप उमटणारं हसू माझ्या फाटकातून जातं. तीस वर्षं मी ते कधी अडवलं नाही.

मग काळी आटायला लागली.

केव्हापासून, ते मला सांगता येत नाही. तिच्या पेशी एकेक करून मरत होत्या आणि मला पत्ता नव्हता. थोड्या मालात मी भागवून नेत होते, संसारात बाई भागवते तसं. दहातल्या सहा-सात पेशी गेल्या तेव्हा कुठे बाहेर दिसायला लागलं. तोवर फार उशीर झाला होता. आधी चालताना मोरेश्वरचा उजवा हात हलेनासा झाला. डावीकडची मी आहे, आणि माझी सत्ता उजव्या अंगावर चालते. म्हणजे दोष माझ्याच घरी होता. मग अक्षर लहान व्हायला लागलं. ओळ सुरू व्हायची ज्वारीच्या दाण्याएवढ्या अक्षराने आणि संपायची राईच्या दाण्यावर. आणि मग चेहरा गेला.

चेहरा गेला म्हणजे नाक-डोळे जागेवरच होते. पण ते हलत नव्हते. आत मोरेश्वरला हसू यायचं, वरून निरोप यायचा, "हास, हास, अरे समोर पोरगी उभी आहे!" मी शिपायाला सांगायचे, "सोड रे बाबा." पण काळीचा माल नाही, आणि धाकटी मात्र ओरडून राहिली, "धरून ठेव, धरून ठेव!" शिपाई धरूनच ठेवायचा. हसू आतच राहायचं. बाहेर दिसायचा एक दगडासारखा माणूस, पापणीसुद्धा न हलवणारा. बघणाऱ्याला वाटायचं, हा आपल्यावर रागावला आहे.

त्याची थोरली पोरगी नलिनी चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात पांढुर्ण्याला दिली. जावई उत्तम, तिथल्या शाळेत मास्तर. माणूस चांगला, पण मानी. लग्नात मोरेश्वर थोडा सुस्त दिसला, तर लोकांनी म्हटलं की पोरीच्या बापाला दगदग झाली. पावसाळा सरता सरता कलाबाई, म्हणजे मोरेश्वरची बायको, त्याला नागपूरला घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि सांगितलं, हा कंपवात आहे. इंग्रजीत पार्किन्सन.

कलाबाई तिथेच म्हणाली, "पण डॉक्टरसाहेब, यायचा हात तर हालत नाही. मंग कंपवात कायचा?"

डॉक्टर म्हणाले, "सगळ्यांचाच हात थरथरत नाही, बाई. काहींचं अंग नुसतं आखडतं." त्यांनी गोळ्या दिल्या. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, जेवणाच्या अर्धा तास आधी. त्या गोळ्या पोटातून रक्तात जातात, रक्तातून डोक्यात येतात, आणि तिथे त्यांचं डोपामीन होतं. काळीला जमत नव्हतं ते थोडंफार गोळी करू लागली. पहिल्यांदा तो माल माझ्या दारात आला ना, मित्रांनो, तेव्हा मला रडू आलं असतं, मला डोळे असते तर.

कलाबाईने परत येताना गाडीतच ठरवलं. "कोणाले सांगाचं नाही," ती म्हणाली. "छायाचं लगन व्हाचं हाये अजून. लोक म्हणतील, घराण्यात रोग हाये. नलिनीलेबी नाही सांगाचं. ते जावयाले सांगन, अन जावई गावाले सांगन." छाया म्हणजे धाकटी पोरगी, सतरा वर्षांची. मोरेश्वर मान हलवू शकला नाही, पण त्याने डोळे मिटले. कलाबाईने तो होकार धरला.

आता माझं दुखणं ऐका. रोज सकाळी गोळी छाया द्यायची, चहाच्या आधी, पितळी लोट्यातल्या पाण्यासोबत. पाऊण तासात माल माझ्याकडे यायचा. मोरेश्वर उठायचा, दाढी करायचा, सायकल काढायचा. पण सणावाराचा दिवस आला की कलाबाई गोळी आपल्या हाताने द्यायची. आणि ती द्यायची मोठ्या पेल्यातल्या साईच्या दुधासोबत. "गोळ्या लय गरम पडतात वो," ती म्हणायची. "उपाशीपोटी घेऊन घेऊन आतून भाजून निघान तुमचं. दुधानं थंडावा येते." वर खायला काही गोडधोड, चण्याच्या डाळीचं पुरण असलं तर फारच छान. जीव लावून करायची बिचारी.

मला पोट दिसत नाही. पण कशामागून काय येतं हे ओळखणं हेच तर माझं काम. दोन-तीन सण गेले आणि मी ओळखलं. तोंडात दुधाची चव आली की त्या दिवशी माल येत नाही. दोन-दोन, तीन-तीन तास येत नाही. दूध आणि डाळ यांतलं काहीतरी त्याच दारातून आत शिरतं आणि गोळी बाहेर रांगेत उभी राहते. मी ओळखलं, पण सांगणार कोणाला? मला तोंड नाही. वरच्या मजल्याला मी शब्द पाठवू शकत नाही. मला फक्त धरणं आणि सोडणं येतं. दर सणाला मोरेश्वर ताठ व्हायचा, आणि घरातले म्हणायचे, सण आला की बाबूजींचं तोंड फुगते.

दिवाळसणाला तेच झालं. उत्तम आणि नलिनी आले. मोरेश्वर ओसरीवर उभा. त्याने पाऊल उचललं नाही, या म्हटलं नाही, हसला नाही. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जावई फाटकाशी आला की सासरा स्वतः पुढे होतो, या म्हणतो, मग जावई आत येतो. उत्तम फाटकाशी उभाच राहिला. शेवटी नलिनीने त्याला ओढून आत आणलं. जेवताना उत्तमने कलाबाईला हळूच विचारलं, "बाबूजी आमच्यावर नाराज हायेत का?"

तेव्हा कलाबाईने आजार लपवायला जे तोंडात आलं ते सांगितलं. "स्वभावच तसा हाये त्यायचा, जावईबापू. रागीट. तुम्ही मनावर घेऊ नका."

आणि कोणी मनावर घेतलं नाही असं होतं का कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी छायाने पाण्यासोबत गोळी दिली. माल वेळेवर आला. मोरेश्वर सायकलवर टांग टाकून कामावर निघाला. उत्तमने ते खिडकीतून पाहिलं. काल ज्याला सहा पावलं पुढे येववलं नाही, तो आज सायकल चालवून राहिला! त्याने नलिनीला सांगितलं, "तुह्या बापाचं सोंग हाये हे. मी पसंत नाही त्यायले." त्यानंतर नऊ महिने नलिनी माहेरी आली नाही. मोरेश्वरने तिला पत्र लिहिलं. हजारो पत्रं वाटणाऱ्या माणसाचं पत्र ते. दुसऱ्या ओळीपासून अक्षर मुंगीएवढं झालं. नलिनीने उलट लिहिलं की बाबूजी, दोन ओळींपुढे काही लागत नाही, तुम्ही घाईत लिहिलं वाटते.

पंच्याऐंशी साली श्रावण दोनदा आला. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलावून पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात, अनारशांचं ताट देतात. कलाबाईने निरोप धाडला, आणि नलिनीच्या हट्टामुळे उत्तम यायला तयार झाला. पण त्याने कळवलं, यंदा बाबूजींनी स्वतः या म्हटलं तरच आत येईन, नाही तर पुन्हा या घराचं नाव काढणार नाही. नलिनीचं माहेर त्या एका शब्दावर टांगलं होतं. मोरेश्वरला ते कळत होतं, आणि मलाही.

त्याने तयारी सुरू केली. रोज दुपारी अंगात माल असायचा तेव्हा तो ओसरीवरून उठायचा आणि फाटकापर्यंत सहा पावलं टाकायचा. मग हात जोडायचे, म्हणायचं, "या, जावईबापू," आणि हसायचं. छाया फाटकापाशी जावई होऊन उभी राहायची. कमरेवर हात ठेवून, मिशीला पीळ देत. मोरेश्वरला ते बघून खरंच हसू यायचं.

"बरोबर होऊन राहिलं का वो?" तो विचारायचा. आवाज बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"बरोबर होऊन राहिलं, बाबूजी. हासणं तेवढं जरा लवकर सोडा."

लवकर सोडा! पोरीला काय ठाऊक, ती कोणाला सांगून राहिली. पण मी ऐकलं. बावीस दिवसांत मी ते सगळं बांधलं. सहा पावलं, नमस्कार, शब्द, हसू. या वयात, इतक्या थोड्या मालात, मी एवढं बारीक काम केलं नव्हतं. फक्त त्या दिवशी मला काळीचा माल वेळेवर हवा होता, बस एवढंच.

तो रविवार होता. पहाटेपासून घरात पुरणाचा वास सुटला होता. छाया फाटकाबाहेर सडा घालून रांगोळी काढत होती. जावई येईपर्यंत पुरावी म्हणून सकाळची गोळी मागे ठेवली होती; सव्वानऊला कलाबाई हातात मोठा पेला घेऊन आली.

"घ्या," ती म्हणाली. "आज गोळी मी देतो. आज तुम्हाले ताकद पाह्यजे. पाव शेर दूध हाये, साय टाकून. अन हे दोन धोंडे खाऊन घ्या वरून, म्हणजे गरम पडणार नाही."

नको! मी आत ओरडले. नको गं बाई, आज नको! पण माझं ओरडणं म्हणजे काय? मी फार तर त्याचा हात अडवू शकत होते. मी अडवला. मोरेश्वरचा हात पेल्यापाशी जाऊन थांबला. कलाबाईला वाटलं, त्याला उचलवत नाही. तिने मायेने पेला स्वतः त्याच्या ओठाला लावला. घोट घोट करत सगळं दूध आत गेलं. धोंडेही गेले. तिने पदराने त्याच्या मिशा पुसल्या आणि म्हणाली, "आता पाहा कशे उभे राहता ते."

दहा वाजले. माल नाही. साडेदहा वाजले. माल नाही. मोरेश्वरला धुतलेलं धोतर नेसवून ओसरीवर बसवलं होतं. त्याच्या मनात एकसारखं चालू होतं, सहा पावलं, नमस्कार, या जावईबापू, हसू. मी खाली काळीकडे बघत होते. ती तर जवळजवळ आटलेलीच. गोळीकडूनही काही येत नव्हतं. अकराला फाटकाशी टांगा थांबला. छायाने मोरेश्वरला दोन्ही काखांत धरून उभं केलं आणि बाजूला झाली, म्हणजे बाबूजी आपले आपण गेले असं दिसावं.

उत्तम खाली उतरला. त्याने टोपी नीट केली, चप्पल काढली आणि फाटकाच्या बाहेर उभा राहिला. नलिनी त्याच्या मागे. तिने पदर खांद्यावर घेतला होता आणि तिचे डोळे बापावर होते.

वरून हुकूम सुटला, "चल!" मी शिपायाला म्हटलं, सोड. त्याने सोडलं नाही. मी म्हटलं, अरे बावीस दिवस बांधलं आहे सगळं, एक पाऊल सोड, बाकी आपोआप होईल. तो म्हणाला, मालाशिवाय नाही. मग हात तरी? नाही. शब्द तरी? जीभही माझ्याच फाटकात अडकलेली. निदान हसू? एवढंसं, ओठाच्या एका कोपऱ्यातलं? नाही, नाही, नाही. मनात मोरेश्वर सहा पावलं चालून फाटकाशी पोचला होता, आणि बाहेर तो नुसता उभा होता, न हलणाऱ्या डोळ्यांनी जावयाकडे बघत.

आतून कलाबाई धावली. "या ना जावईबापू, या, या! ते काय, त्यायचा स्वभावच..."

"तुम्ही नका बोलू, आई," उत्तम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी बाबूजींकडे पाहून राहिलो."

त्याने वाट पाहिली. किती, ते मला नेमकं ठाऊक नाही. मोरेश्वरला ते फार वाटलं, आणि उत्तमलाही फार वाटलं असेल. मग त्याने खाली वाकून चप्पल पायात घातली. "चल, नलिनी. पावणेबाराची बस भेटते."

"बाबूजी!" नलिनी म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि नवऱ्यामागून टांग्यात बसली. कलाबाई "अवो, ऐका ना, अवो" करत कोपऱ्यापर्यंत धावली, आणि तिथेच रस्त्यात खाली बसली.

अंगणात मोरेश्वर आणि छाया राहिले. पोरगी रडत होती, पण डोकं तिचं ठिकाणावर होतं. तिने ओसरीला टेकलेली सायकल ओढून आणली. "बाबूजी, सायकल," ती म्हणाली. "सायकल तं येते ना तुम्हाले?"

हे नवल मी तुम्हाला सांगते. चालायचं म्हणजे प्रत्येक पाऊल माझ्या परवानगीने. पण सायकलवर एक पायडल खाली गेलं की दुसरं आपसूक वर येतं आणि पायाला सांगतं, आता तू. पायाला माझ्यासाठी थांबावं लागत नाही. छायाने त्याला ओसरीच्या पायरीवरून सीटवर बसवलं, उजवा पाय आपल्या हाताने पायडलवर ठेवला, आणि फाटकापर्यंत ढकललं. सायकल सुटली. मोरेश्वर चालवू लागला, सरळ, न डगमगता, तीस वर्षांच्या सवयीने. छाया मागे धावत होती ती मागेच राहिली.

बसस्टँडवर पांढुर्ण्याची बस उभी होती. उत्तम आणि नलिनी खिडकीशी बसले होते. त्यांनी मोरेश्वरला येताना पाहिलं. ज्याला अंगणात पाऊल टाकता आलं नाही, तो म्हातारा भरधाव सायकलवर येऊन राहिला.

"पाहून घे," उत्तम म्हणाला. "पाय कशे चालून राहिले तुह्या बापाचे."

मोरेश्वर बसपाशी आला आणि थांबायला गेला. थांबायला पाय जमिनीवर टेकवावा लागतो, आणि तो मी सोडायचा असतो. मला सोडता आला नाही. सायकल थांबली, पाय पायडलवरच राहिला, आणि माणूस सायकलीसकट एका अंगावर आडवा झाला. पडताना सुद्धा त्याचा चेहरा हलला नाही.

उत्तम वाईट नव्हता, मित्रांनो. तो उडी मारून खाली उतरला. त्याने सासऱ्याला उचललं, धोतरावरचा चिखल झटकला आणि बाकावर बसवलं. मग समोर उकिडवा बसला. "बाबूजी," तो म्हणाला, "इथवर आले ना तुम्ही? मंग बोला ना. आमचं काय चुकलं? एक शब्द बोला, मी नलिनीले इथंच उतरवतो. आत्ता घरी येतो."

एक शब्द. या. त्याहून लहान शब्द मराठीत कुठला आहे? मोरेश्वरने सगळा जीव त्या शब्दामागे लावला. मी शिपायाच्या हातापाया पडले. उत्तम त्याच्या तोंडाकडे बघत होता आणि त्याला दिसत होता तोच दगड. कंडक्टरने घंटी दोनदा वाजवली. तरी उत्तम उठला नाही. तिसऱ्या घंटीला उठला.

"बरं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "सांभाळून जा घरी." बस गेली. खिडकीतून नलिनीचा हात बराच वेळ बाहेर दिसत होता.

सव्वाबारा झाले असतील. बाकाशेजारी गुलाबबाई भुट्टे भाजत बसली होती. आणि तेव्हा माल आला. दुधाच्या आणि डाळीच्या मागून, तीन तास रांगेत उभा राहून, सावकाश सावकाश माझ्या दारात आला. धाकटी गप्प झाली. शिपायाचा हात ढिला पडला. मी बांधून ठेवलेलं सगळं माझ्या हातात आयतं तयार होतं, आणि ते मला आवरता आलं नाही. मोरेश्वर बाकावरून उठला. सहा पावलं चालला, एकही न अडखळता. त्याने हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "या, जावईबापू." आणि तो हसला. पूर्वीसारखा, फाटकाबाहेरून चांगली चिठ्ठी आणताना हसायचा तसा. समोर नुसता रिकामा रस्ता होता, आणि बसच्या चाकांच्या खुणा.

गुलाबबाई म्हणाली, "कोणाले बोलावून राहिले, काका? बस तं गेली ना."

इतक्यात, आईला रस्त्यातून उठवून घरी बसवून, छाया धापा टाकत आली. तिने बापाचं हसणं पाहिलं, रस्ता पाहिला, आणि ओढणी तोंडात कोंबून ती त्या बाकावर बसली. त्या दिवशी ती नलिनीला सगळं लिहून टाकणार होती. पण कलाबाईने तिला शपथ घातली, तुह्या लग्नाची शपथ हाये. दोन दिवाळ्या झाल्या आता. नलिनी आलेली नाही. कलाबाई अजूनही सणाला दूध देते.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे आणि काळी आणखी आटत चालली आहे. मला बरं करा असं मी म्हणत नाही, ते कोणाच्या हातात नाही. पण मला तोंड नाही, तुम्हाला आहे. घरात कोणाला आजार असला तर लपवू नका. डॉक्टरांनी पाणी सांगितलं असेल तर पाणीच द्या, माया दुसऱ्या कशाने करा. आणि एखादा माणूस तुमच्यासमोर दगडासारखा उभा राहिला, हसला नाही, या म्हणाला नाही, तर लगेच चप्पल पायात घालू नका. त्याचं हसू निघालेलं असतं, वाटेत असतं. थोडं थांबा. बस दुसरी मिळते.